औषध तेच, किंमत वेगळी : युसूफ हमीद यांची निवृत्ती आणि मागे उरलेला हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चितेगाव येतं. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे नाव राज्यभर पोचलं. अशा गावातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी संध्याकाळी थोडा वेळ थांबलं तर दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. पहिला : "दादा, हीच गोळी दुसऱ्या कंपनीची स्वस्तात मिळेल का?" आणि स्वस्त गोळी समोर आली की लगेच दुसरा : "हिच्यात पावर कमी नाही ना?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. त्यांची उत्तरं शोधताना मुंबईतल्या एका माणसाच्या कारकिर्दीतून जावंच लागतं. डॉ. युसूफ हमीद १९६० मध्ये वडिलांच्या सिप्ला कंपनीत रुजू झाले, १९७६ मध्ये व्यवस्थापकीय संचालक झाले आणि मार्च २०१३ च्या अखेरीस, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्या पदावरून उतरले. अकार्यकारी अध्यक्षपद तेवढं त्यांनी आपल्याकडे ठेवलं. आफ्रिकेतल्या एड्सच्या रुग्णांना परवडेल अशी गोळी देणारा माणूस म्हणून जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. बड्या विदेशी कंपन्यांनी त्यांना नक्कल करणारा, चाच्यांच्या पंगतीतला ठरवलं. आणि खुद्द भारतात, औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी यंत्रणेशी त्यांच्या कंपनीचा वर्षानुवर्षं कोर्टात झगडा चालू राहिला. हे तिन्ही एकाच माणसाच्या वाट्याला कसं आलं, हे कळायला आधी गोळीची किंमत कशी बनते ते पाहू.

१. गोळीच्या किमतीत काय काय असतं?

गोळीतलं खरं काम करणारं रसायन फार थोडं असतं. कारखान्यातली माणसं त्याला 'बल्क' म्हणतात. त्यात स्टार्चसारखे निरुपद्रवी पदार्थ मिसळून, दाबून गोळी पाडतात आणि ती स्ट्रिपमध्ये बंद करतात. तयार झालेल्या या मालाला 'फॉर्म्युलेशन' म्हणतात. बल्क, मजुरी, वीज, पॅकिंग, तपासणी, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन आणि कर एवढं धरलं तरी बऱ्याच गोळ्यांचा खर्च काही पैशांत किंवा काही रुपयांत बसतो.

मग एखादी गोळी हजार रुपयांना का पडते? नवं औषध शोधायला खर्च येतो आणि शोधलेली अनेक रसायनं चाचण्यांत बाद होतात, हे खरं आहे. पण तो खर्च वसूल करण्याची ताकद कंपनीला मिळते कुठून? ती मिळते कायद्यातून. शोध लावणाऱ्याला ठराविक वर्षं सरकार हमी देतं की ही वस्तू दुसऱ्या कुणाला बनवता येणार नाही. ही हमी म्हणजे पेटंट. दुसरा विक्रेताच नसेल, तर किंमत खर्चाला धरून राहत नाही. आजारी माणूस आणि त्याचं कुटुंब किती देऊ शकेल, यावर ती ठरते.

२. भाकरीचं पेटंट

पेटंट दोन प्रकारचं असू शकतं, आणि या प्रकरणाची सगळी गोम तिथेच आहे. समजा, कुणीतरी ज्वारीच्या भाकरीचं पेटंट घेतलं. ते वस्तूचं पेटंट असेल, तर भाकरी करण्याचा हक्क फक्त त्याचा. इतर कुणी ती थापून केली काय, लाटून केली काय, गुन्हाच. पण त्याच्याकडे फक्त कृतीचं पेटंट असेल, म्हणजे परातीत थापून करण्याच्या पद्धतीचं, तर शेजारीण पोळपाटावर लाटून भाकरी करू शकते आणि उजळ माथ्याने विकू शकते.

स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा ब्रिटिश काळातला पेटंट कायदा चालू होता आणि त्यात औषधाचं वस्तू-पेटंट मिळत असे. औषधांचा बाजार विदेशी कंपन्यांच्या मुठीत होता. अमेरिकेच्या सिनेटमधल्या केफॉव्हर समितीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवलं होतं की काही अँटिबायोटिक्सच्या भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. गरीब देश आणि महाग औषध, असा तो उफराटा मामला होता.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये याविषयी अहवाल दिला. औषध आणि अन्न यांच्यावर वस्तू-पेटंट नको, फक्त कृतीचं पेटंट असावं, अशी त्यांची शिफारस होती. भारतीय औषध कंपन्यांनी १९६१ मध्ये इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन स्थापन करून हीच मागणी लावून धरली आणि सिप्ला त्यात पुढे होती. ही शिफारस मान्य करणारा १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला आणि औषधावरचं वस्तू-पेटंट गेलं. औषधाच्या कृतीचं पेटंटही आता जास्तीत जास्त सात वर्षांचंच उरलं.

इथून पुढचं काम रसायनशास्त्रज्ञांचं होतं. जगात कुठेही नवं औषध आलं की त्याचा रेणू पाहायचा आणि तिथपर्यंत पोचण्याची दुसरी वाट शोधायची. यात बुद्धी लागते आणि चिकाटीही लागते. विदेशी कंपन्या याला चोरी म्हणत आल्या, पण भारतीय संसदेने विचारपूर्वक केलेल्या कायद्याच्या चौकटीत चाललेल्या कामाला चोरी म्हणता येत नाही.

३. वडिलांची कंपनी

सिप्लाचे संस्थापक ख्वाजा अब्दुल हमीद मूळचे अलीगढचे. रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि तिथे त्यांची भेट लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातल्या लुबा यांच्याशी झाली. दोघांनी लग्न केलं. १९३५ मध्ये मुंबईत त्यांनी केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. याच नावाच्या आद्याक्षरांतून पुढे 'सिप्ला' झालं. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी मुंबई सेंट्रलच्या त्या कारखान्याला भेट दिली होती.

युसूफ यांचा जन्म २५ जुलै १९३६ चा, आईच्या माहेरी, विल्नियसला. शाळा आणि कॉलेज मुंबईत झालं. पुढे केंब्रिजमध्ये अलेक्झांडर टॉड या नोबेल विजेत्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी पीएचडी केली. ते मुळात रसायनशास्त्रज्ञ होते, हे लक्षात ठेवायला हवं. औषध कंपनीच्या प्रमुखाला स्वतः रेणूची आकृती वाचता येणं आणि त्यातली पळवाट दिसणं ही मोठी जमेची बाजू होती. दम्याचे इनहेलर भारतात घरोघरी पोचवण्यात सिप्लाचा वाटा फार मोठा आहे. अस्थालिनचा निळा पंप माहीत नाही असा दमेकरी महाराष्ट्रात सापडणं अवघड.

४. एक डॉलरचं गणित

१९९६ च्या सुमाराला एड्सवर तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि श्रीमंत देशांतले अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून कामावर जाऊ लागले. पण या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. आफ्रिकेत तेव्हा गावंच्या गावं ओस पडत होती.

सिप्लाने यात आधीच पाऊल टाकलेलं होतं. डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी हैदराबादच्या सरकारी संशोधन संस्थेत झिडोव्हुडिन बनवण्याची कृती विकसित केली होती. ती घेऊन सिप्लाने १९९३ मध्ये हे औषध भारतात आणलं, विदेशी किमतीपेक्षा बरंच स्वस्त. तरीही ते खपलं नाही. सामान्य रुग्णाला तेही झेपणारं नव्हतं, आणि सरकारचा पैसा तेव्हा उपचारापेक्षा प्रतिबंधावर खर्च होत होता.

२८ सप्टेंबर २००० रोजी ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत हमीद यांना बोलायला काही मिनिटं मिळाली. तेवढ्या वेळात त्यांनी तीन गोष्टी पुढे ठेवल्या. तिन्ही औषधं मिळून वर्षाला ८०० डॉलरला देऊ. ज्या सरकारला स्वतः बनवायची असतील त्याला तंत्रज्ञान फुकट देऊ. आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेव्हिरापिन मोफत देऊ. सभागृहातून कुणी पुढे आलं नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी आकडा आणखी खाली आणला. मेदसाँ साँ फ्रंतिएर या डॉक्टरांच्या संस्थेला ३५० डॉलर, सरकारांना ६००. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि तिथून सारं चित्र पालटलं.

या आकड्यांचा हिशेब त्या वेळच्या दराने मांडून पाहू. डॉलर साधारण साडेसेहेचाळीस रुपयांना होता. १२,००० डॉलर म्हणजे वर्षाला सुमारे ५ लाख ५८ हजार रुपये, दिवसाला दीड हजाराच्या वर. ३५० डॉलर म्हणजे वर्षाला सुमारे १६ हजार ३०० रुपये, दिवसाला पंचेचाळीसच्या आत. रोगही तोच, औषधंही तीच. मधली तफावत चौतीस पटींची. ३५० डॉलरमध्येही सिप्ला धंद्यातून उठली नाही, हे जगाने पाहिलं, आणि उरलेले साडेअकरा हजार डॉलर कशाचे होते हा प्रश्न मग कुणालाच टाळता येईना.

त्याच वर्षी सिप्लाने ट्रायोम्युन ही गोळी आणली. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तिन्ही औषधं एकाच गोळीत, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मूठभर गोळ्या वेगवेगळ्या वेळांना घेण्याऐवजी दिवसाला दोन. निरक्षर रुग्णालाही चुकवता येऊ नये इतकं हे सोपं होतं. ही गोळी युरोप-अमेरिकेत का बनली नाही, याचं कारण थेट कायद्यात सापडतं. ती तीन औषधं तिकडे ब्रिस्टल-मायर्स स्क्विब, ग्लॅक्सो आणि बोरिंगर या तीन वेगळ्या कंपन्यांच्या हातात होती, आणि एकीचं औषध दुसरीच्या गोळीत घालणं त्यांना शक्य नव्हतं. भारतात वस्तू-पेटंट नव्हतं म्हणून तिन्ही एका साच्यात बसली. या कायद्याने जगाला याहून मोठी देणगी दिली असेल असं वाटत नाही.

एप्रिल २००१ मध्ये ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्यावरून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध भरलेला खटला मागे घेतला. २००३ मध्ये क्लिंटन यांच्या संस्थेने सिप्लासह काही कंपन्यांशी बोलणी करून किंमत वर्षाला १४० डॉलरच्या आत आणली. आज जगभरात तीन कोटींहून अधिक लोक एचआयव्हीवरचे उपचार घेतात आणि त्यांच्या गोळ्यांचा मोठा वाटा भारतीय कारखान्यांतून जातो. हमीद यांना २००५ मध्ये पद्मभूषण मिळालं.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. मुंबईच्या कंपनीची गोळी आफ्रिकेला निघाली, तेव्हा मुंबईच्याच सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळत नव्हती. केंद्र सरकारची मोफत उपचार योजना १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तोवर सांगलीपासून सोलापूरपर्यंत कितीतरी घरांतली कर्ती माणसं गेली होती.

५. "हिच्यात पावर कमी नाही ना?"

आता काउंटरवरचा दुसरा प्रश्न. स्वस्त गोळी मूळ गोळीइतकंच काम करते, हे कसं ठरवतात?

त्यासाठी जैवसमतुल्यता चाचणी असते. नाव अवघड असलं तरी कल्पना साधी आहे. थोड्या निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी देतात, काही दिवसांनी नवी. दोन्ही वेळा ठराविक अंतराने रक्त काढून औषध रक्तात किती चढलं, किती वेळ टिकलं हे मोजतात. दोन्ही आलेख इतके जुळायला हवेत की त्यांच्या गुणोत्तराच्या अंदाजाचा सगळा पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसेल. औषधाची मात्रा २० टक्क्यांनी कमी चालते, असा याचा अर्थ अनेक जण काढतात आणि तो चूक आहे. सरासरीच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितताही त्या मर्यादेत मावावी लागते, त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी शंभरच्या जवळपासच असावी लागते.

या कसोटीवर सिप्लालाही ठेच लागली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची एड्सवरची दोन औषधं आपल्या मान्यताप्राप्त यादीतून काढली. गोळ्यांत खोट सापडली नव्हती. कंपनीने ज्या बाहेरच्या प्रयोगशाळेकडून ही चाचणी करून घेतली होती, तिच्या नोंदी निकषांत बसत नव्हत्या. चाचण्या पुन्हा झाल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औषधं यादीत परतली. पण त्या काही महिन्यांत, स्वस्त गोळीवर आधीच डोळा ठेवून असलेल्यांना आयतं कोलीत मिळालं. जगातल्या सर्वांत गरीब रुग्णासाठी गोळी बनवणाऱ्याने कागदपत्रांत सर्वांत चोख असायला हवं होतं. इथे सिप्ला कमी पडली.

ट्रायोम्युनमधल्या स्टॅव्हुडिनचंही नाणं दोन बाजूंचं निघालं. ते स्वस्त होतं, लगेच गुण देई, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर हातापायांच्या नसा दुखू लागत आणि चेहऱ्यावरची चरबी झडून गाल बसत. आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. ते औषध शोधलं दुसऱ्यांनी आणि श्रीमंत देशांतही ते वापरलं गेलं होतं. त्यामुळे त्याचा दोष एकट्या सिप्लाच्या माथी मारता येत नाही. फरक इतकाच की श्रीमंत देशांनी ते लवकर सोडलं आणि गरीब देशांतले रुग्ण किमतीपायी त्यावर जास्त वर्षं राहिले.

भारतातली नियमांची ढिलाई याहून जुनी आहे. आपल्याकडे अनेक तोंडी औषधांना जैवसमतुल्यता चाचणी सक्तीची झाली ती २०१७ मध्ये. तोवर एखादं औषध बाजारात येऊन चार वर्षं उलटली की नंतर येणाऱ्या कंपनीला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून या चाचणीविना परवाना मिळू शकत असे. चितेगावच्या काउंटरवर विचारला जाणारा प्रश्न म्हणूनच अडाणीपणाचा नाही. संभाजीनगरकरांना तर ही बाब जवळून माहीत आहे. २०१३ च्या मे महिन्यात वोखार्टच्या वाळूजच्या आणि नोव्हेंबरमध्ये चिकलठाण्याच्या कारखान्यातून येणाऱ्या मालावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयातबंदी घातली होती. निर्यातीला गेलेला माल तिकडचे निरीक्षक येऊन तपासतात. आपल्या दुकानात येणारा माल तितक्याच कडकपणे कोण तपासतो, हे गिऱ्हाइकाने विचारायलाच हवं.

६. घरच्या बाजारात

आता हिशेबाच्या वहीतलं दुसरं पान.

१९९५ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ७४ बल्क औषधं नियंत्रणाखाली होती. सूत्र असं : कारखान्यातला खर्च, म्हणजे कच्चा माल, प्रक्रिया आणि पॅकिंग, त्यावर जास्तीत जास्त १०० टक्के, आणि वर कर. स्ट्रिपचा खर्च १० रुपये आला तर करापूर्वी २० रुपयांच्या वर ती विकता येणार नाही. त्या शंभर टक्क्यांत कंपनीचा नफा, जाहिरात, वितरण आणि दुकानदाराचं कमिशन सगळं बसवायचं.

सिप्लाने काही औषधांच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली, असा ठपका राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ठेवला आणि फरकाची रक्कम मागितली. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिनसारखी रोजची अँटिबायोटिक्स होती, दम्याचं साल्ब्युटामॉल होतं. कंपनीचं म्हणणं असं की सरकारच्याच १९९४ च्या धोरणातले निकष लावले तर ही औषधं नियंत्रणाच्या यादीत यायलाच नको होती, कारण त्यांच्या बाजारात भरपूर स्पर्धा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि वाद पुढे चालूच राहिला. व्याजासह मागणी हजार कोटींच्या पुढे गेली.

कंपनीच्या युक्तिवादात तथ्य नाही असं नाही. सरकारने यादी करताना वापरलेली आकडेवारी खरोखर वादाची होती. पण ज्या माणसाने ब्रुसेल्सला उभं राहून औषध हा हक्क असल्याचं जगाला पटवून दिलं, त्याच्या कंपनीने दम्याच्या औषधावरच्या मर्यादेशी वर्षानुवर्षं कोर्टात लढावं, हे खटकतं आणि खटकायलाच हवं.

सोराफेनिबचं उदाहरण तर आकड्यांत मांडण्यासारखं आहे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं हे औषध बायर कंपनी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. सिप्लाने तेच सुमारे २८ हजारांना आणलं. दहापट स्वस्त! पण मार्च २०१२ मध्ये सरकारने हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटधारकाची मर्जी नसतानाही रॉयल्टी देऊन औषध बनवण्याची मुभा, आणि किंमत बांधून दिली ८,८८० रुपये. मे महिन्यात सिप्लाने आपली किंमत २८ हजारांवरून थेट ६,८४० वर आणली. हमीद यांनी हे माणुसकीचं पाऊल असल्याचं सांगितलं. ते खरंही असेल. तरी ६,८४० रुपयांना जे देता येत होतं ते आदल्या महिन्यापर्यंत २८ हजारांना विकलं जात होतं, हेही तितकंच खरं. किंमत उतरली ती तिसरा विक्रेता बाजारात उभा राहिल्यावर.

फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या अर्लोटिनिबची लढाई अशीच मिश्र निकालाची. रोशची गोळी ४,८०० रुपयांना, सिप्लाची १,६०० ला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनहिताचा विचार करून सिप्लाला मनाई करायला नकार दिला. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने मात्र सिप्लाने पेटंटचा भंग केला असा निर्णय दिला. त्या सात वर्षांत रुग्णांना तिसऱ्या हिश्शात औषध मिळालं, आणि कायद्याच्या नजरेत ते हक्काबाहेरचं ठरलं. नफातोट्याच्या पलीकडेही सिप्लाने काही केलं, हेही नोंदवायला हवं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून तिचं कॅन्सर रुग्णांसाठीचं केंद्र चालतं. बरं होण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांच्या वेदना तिथे मोफत कमी केल्या जातात आणि घरच्या माणसांना सोबत राहता येतं.

७. दोन दिवस, एक खुर्ची

हमीद यांचा व्यवस्थापकीय संचालकपदाचा शेवटचा दिवस होता ३१ मार्च २०१३. दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधाला पेटंट नाकारलं. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती आणि सिप्लाही होती.

हा निकाल समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून भारताला औषधांवर पुन्हा वस्तू-पेटंट द्यावं लागलं. म्हणजे लाटून भाकरी करण्याची मुभा नव्या औषधांपुरती संपली. हमीद यांनी याला जाहीर विरोध केला होता. पेटंट राहू द्या, पण ठराविक रॉयल्टी भरून कुणालाही औषध बनवता यावं, असं ते सांगत आणि कॅनडाने पूर्वी चार टक्के रॉयल्टीवर हे करून दाखवल्याचा दाखला देत. ते मान्य झालं नाही. संसदेने कायद्यात कलम ३(ड) मात्र घातलं : जुन्याच रेणूत किरकोळ फेरफार करून, गुण वाढल्याचं न दाखवता, नवं पेटंट मागता येणार नाही. ग्लिव्हेक याच कलमात अडकलं.

आणि हमीद यांच्या जागी कोण आलं? सुभानू सक्सेना. ते आले होते नोव्हार्टिसमधून. कंपनीची उलाढाल तेव्हा आठ हजार कोटींच्या पुढे होती आणि कारभार मात्र एका घराभोवती, बराचसा एका माणसाभोवती फिरत होता. पुढची पिढी वेळेत तयार न करणं हा भारतीय उद्योगांचा जुना आजार सिप्लालाही होता. सक्सेना यांच्या काळात कंपनीने दक्षिण आफ्रिकेतली सिप्ला मेडप्रो सुमारे ५१ कोटी डॉलरना घेतली, मग अमेरिकेतली इन्व्हाजेन. २०१६ मध्ये ते गेले आणि उमंग व्होरा आले. इतर मोठ्या भारतीय कंपन्यांप्रमाणे सिप्लाचाही डोळा अमेरिकी बाजाराकडे वळला, आणि २०२० मध्ये तिच्या गोव्याच्या कारखान्याला अमेरिकी औषध प्रशासनाचं इशारापत्र आलं. हमीद यांची सिप्ला बड्या कंपन्यांना शिंगावर घेत असे. नंतरची सिप्ला त्यांच्याशी परवान्याचे करार करण्यात रमली. कायदाच बदलल्यावर दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता, हेही मान्य करावं लागेल.

८. चाळीस डॉलरची सुई

एड्सच्या औषधांचा बाजार आज वेगळ्या रस्त्याने चालतो. २०१७ मध्ये डोल्युटेग्रॅव्हिर असलेली नवी तीन-औषधी गोळी गरीब देशांना वर्षाला सुमारे ७५ डॉलरला देण्याचा करार झाला. पुरवठादार होत्या मायलन आणि अरोबिंदो. मूळ पेटंटधारकाच्या संमतीने मिळालेल्या परवान्यावर त्या ही गोळी बनवत होत्या. किंमत हमीद यांच्या ३५० डॉलरपेक्षाही कितीतरी खाली आली, पण कुठल्या देशाला हा माल घेता येईल हे पेटंटधारक ठरवतो. मध्यम उत्पन्नाचे अनेक देश यादीबाहेर राहतात.

ताजं उदाहरण लेनाकापॅव्हिरचं. सहा महिन्यांतून एकदा टोचायची ही सुई एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून देतात. अमेरिकेत २०२५ मध्ये तिला या वापरासाठी मान्यता मिळाली तेव्हा वर्षाची छापील किंमत २८ हजार डॉलरच्या वर ठरली. गिलियड कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्येच सहा कंपन्यांना १२० देशांसाठी परवाने दिले होते. त्यांतल्या दोन हैदराबादी कंपन्या, डॉ. रेड्डीज आणि हेटेरो, २०२७ पासून ती वर्षाला सुमारे ४० डॉलरला देणार आहेत. २८ हजार आणि ४०, म्हणजे सातशे पट. ब्राझीलसारखा देश, जिथल्या लोकांनी या सुईच्या चाचण्यांत भाग घेतला, त्या १२० देशांच्या यादीत नाही. परवाना मिळालेल्या सहा जणांत पुण्याची एमक्युअर आहे. सिप्ला नाही.